टाचा

"पाय! पाय सैल सोड, कणसे! पाय!"

मेजर कुरियन माझ्या कानात ओरडत होता. आमच्या हेल्मेटांमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र होतं, पण ते नसतं तरी त्याचा आवाज मला काय, खाली चरणाऱ्या शेळ्यांनाही ऐकू गेला असता. वरिष्ठ माणसाला 'तो' कशाला म्हणतो, असं तुम्हाला वाटेल. आधी ऐका सगळं, मग अहो-जाहोचं काय ते ठरवा.

"सोडलेत, सर!"

"हे सोडलेले पाय? तुझ्या बापानं खांब पुरलेत का इथं? हेलिकॉप्टर आहे हे, झेंडावंदन नाय!"

कुरियन मूळचा केरळातला, पण नोकरीची पहिली वर्षं मराठा पलटणीत काढलेला. तिथल्या अधिकाऱ्यांना जवानांची भाषा शिकावीच लागते. यानं ती खटाव-माणच्या पोरांकडून शिकली होती, आणि पोरांनी पहिल्यांदा जे शिकवायचं तेच शिकवलं होतं. बाकी वाक्य अडखळत यायचं, शिवी मात्र गावच्या पाटलासारखी सणसणीत.

काम काय होतं? चेतक हेलिकॉप्टर माणूसभर उंचीवर उचलायचं आणि तिथंच उभं ठेवायचं. बस्स. पुढं पळवायला गाढवालाही येईल, पण एका जागी उभं ठेवणं म्हणजे तेल लावलेल्या ताटात गोटी उभी करणं. डावा हात यंत्र वर-खाली करतो, उजव्या हातातली दांडी ते चारी दिशांना कलवते, आणि दोन पायांखालची दोन पायडलं त्याचं नाक वळवतात. चार अवयवांना चार कामं, आणि अंग मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखं सैल. त्यात त्या माळावरचा वारा असा, की कोंबडीनं अंडं घातलं तर ते शेजारच्या गावात जाऊन फुटायचं.

"कणसेऽऽ!"

झालं. माझा डावा पाय पायडलवरून उचलला गेला आणि खाटकन उजव्या पायाला जाऊन भिडला. उजवं पायडल तळापर्यंत गेलं. हेलिकॉप्टर गर्रकन फिरलं. धनगर, त्याच्या शेळ्या, पाण्याची टाकी, पुन्हा धनगर, असं सगळं माझ्यासमोरून जत्रेतल्या पाळण्यासारखं गेलं. दुसऱ्या फेरीला धनगरानं मला हात जोडले. माझी कीव आली असणार.

कुरियननं यंत्र ताब्यात घेतलं, खाली टेकवलं आणि माझ्या हेल्मेटवर बुक्की हाणली.

"उद्या सकाळी शेवटचं. उद्या परत सावधान झालास तर सामान बांध. तोफखान्यात जा, पोरांना डावा-उजवा शिकव. तेच येतं तुला."

हे मात्र खरं होतं. तेच येत होतं मला, आणि म्हणूनच ते वाक्य काळजात घुसलं.

मी सतराव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झालो. तोफखान्यात. पुढं ड्रिलचा उस्ताद झालो. म्हणजे रंगरुटांना उभं राहायला, चालायला, वळायला शिकवणारा हवालदार. विश्राममध्ये दोन पायांत अंतर असतं. 'सावधान' ऐकलं की डावा पाय गुडघ्यातून उचलायचा आणि उजव्याशेजारी आपटायचा, टाचेला टाच, मुठी पँटच्या शिवणीला. माझ्या टाचांचा आवाज सबंध छावणीत प्रसिद्ध होता. त्या आवाजानं दूध नासतं अशी लंगरच्या आचाऱ्यानं तक्रार केली होती, आणि पलीकडच्या गावातल्या बायका त्याला दुपारची तोफ समजून चुली पेटवायच्या. नऊ वर्षं मी हजारो पोरांच्या टाचा जुळवल्या. हात वर करून सांगतो, त्या नऊ वर्षांत माझी टाच एकदाही चुकली नाही.

मग परीक्षा दिली, जवानांमधून अधिकारी निवडतात त्या कॉलेजात गेलो, घासून पुसून लेफ्टनंट झालो आणि हेलिकॉप्टरसाठी नाव दिलं. तिथं मी सगळ्यांत थोराड. बाकीची पोरं मला 'चाचा' म्हणायची. चाचाला नकाशा येत होता, हवामान येत होतं, यंत्राची पोटातली नस न् नस येत होती. चाचाला नुसतं उभं राहता येत नव्हतं.

कारण कुणी वरिष्ठ ओरडला, की माझं डोकं बंद पडायचं आणि टाचा चालू व्हायच्या. दुसऱ्या शिक्षकाबरोबर थोडं बरं जायचं. कुरियनबरोबर मात्र हमखास. आणि तेही का, ते मला पक्कं ठाऊक होतं. कुरियनशी माझा एक जुना हिशेब होता. त्याला तो माहीत नाही अशी माझी समजूत होती.

त्या दुपारी मी मेसच्या मागं कडुनिंबाखाली खुर्ची टाकली, पायांखाली दोन विटा ठेवल्या, गुडघ्यांत काठी धरली आणि डोळे मिटून हवेत उभं राहायचा सराव करू लागलो. जमायला लागलं होतं. खरंच. श्वास सुद्धा संथ झाला होता.

"चाचा, सावधान!"

सेठी. दिल्लीचं पोरगं, वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पहिल्याच आठवड्यात हेलिकॉप्टर हातात बसलेलं. माझा डावा पाय विटेवरून उडाला, वीट उलटली आणि अंगठ्यावर पडली.

"वा, चाचा! विटांवरपण क्रॅश केलंत!"

"सेठी, तुझ्या वयाचा असताना मी तुझ्यासारखे चार जण एका रांगेत उभे करून उन्हात वाळत घालायचो."

"म्हणूनच तर! त्यांचा शाप लागलाय तुम्हाला."

तेवढ्यात कुरियन तिथून चालला होता. थांबला. विटांकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडं बघितलं.

"रिकाम्या खुर्चीतसुद्धा पडतोस?" म्हणाला. "कणसे, एक सांग. तुला कशाला पायलट व्हायचंय? चांगला उस्ताद होतास, इज्जत होती. कशाला आलास इथं?"

मी उभा राहिलो. सावधान. टाच वाजली, अंगठ्यातून कळ डोक्यात गेली.

"आवड आहे, सर."

"खोटं," कुरियन म्हणाला आणि निघून गेला.

मला इतका संताप आला, की मी दुसरी वीट उचलून कडुनिंबावर फेकली. झाडाला लागली नाही. त्या दिवसांत माझं काहीच कशाला लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. वारासुद्धा बेताचा, म्हणजे फक्त टोप्या उडत होत्या. मी उजवीकडं बसलो, कुरियन डावीकडं. यंत्र उचललं. माणूसभर उंची. टाकी समोर धरायची आणि हलू द्यायची नाही.

 मिनिटभरात कुरियन सुरू झाला.

"डावीकडं सरकतंय. झोपलास? हवालदार, झोपलास का?"

हवालदार म्हणाला. खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे असताना.

"नाही, सर."

"मग पाय बघ. आले बघ दगडं होऊन. कुणी घेतलं रे तुला? लंगरमधनं उठून आला आणि म्हणे पायलट होतो. तुज्या आयला, डाळ ढवळायची पळी न्हाय ती, दांडी हाय ती!"

माझे कान तापले. टाकी समोरून सरकायला लागली.

आणि मग त्यानं, त्या माणसानं, यंत्र हवेत असताना, घसा फोडून आरोळी दिली: "हवालदाऽऽर! सावधान!"

तुम्हाला आता ती जुनी गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

उत्तरेत बर्फावर आमची एक पोस्ट होती. तोफखान्याचे आम्ही मोजके लोक तिथं, शत्रूच्या हालचाली बघून खाली तोफांना कळवायचं काम. मी हवालदार, उस्तादकी संपवून नुकताच वर आलेला. माझ्यासोबत लान्स नायक आकाराम लाड, कुंडलकडचा, हसला की वर बर्फ सुटेल असा हसणारा. आणि एक कुत्रं. हमालांच्या मागं मागं वर आलेलं भोटिया जातीचं, वासराएवढं, अंगावर इतके केस की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते बिस्किट दाखवल्याशिवाय कळायचं नाही. आकारामनं त्याचं नाव ठेवलं सरपंच. कारण काम काही करायचं नाही, सगळ्यांच्या आधी जेवायचं आणि कुणी बोललं की गुरकावायचं. रात्री बंकरमध्ये तो आमच्यातच झोपायचा.

गस्तीवरून आला तेव्हा आकारामच्या पायांची बोटं निळी पडली होती. रेडिओवर डॉक्टर म्हणाले, पहिल्या हेलिकॉप्टरनं खाली पाठवा, पाय वाचतील. पहिलं हेलिकॉप्टर आलं ते ब्रिगेडियरसाहेबांना घेऊन. पाहणीसाठी. त्या उंचीवर हवा इतकी पातळ, की पुढं दोन पायलट बसले की मागं दोघांना घेतानाही यंत्र कुरकुरतं. म्हणजे परत जाताना एक जागा साहेबांची आणि एक रिकामी. आम्ही आकारामला स्ट्रेचरवर घालून हेलिपॅडच्या कडेला आणून ठेवला. पत्रे आणि फळ्या ठोकून केलेलं हेलिपॅड होतं ते.

साहेबांनी सरपंचाला बघितलं. साहेब विरघळले.

"काय देखणं जनावर आहे! माझ्या मुलीला फार आवडेल. घ्या याला."

मी पुढं झालो. "साहेब, लाडचे पाय चाललेत. डॉक्टर म्हणाले—"

"त्याला पुढच्या खेपेला."

"साहेब, हवा बिघडतीय. पुढची खेप—"

"हवालदार! सावधान!"

आणि माझ्या टाचा जुळल्या. पत्र्यावर असा आवाज झाला की मला तो अजून ऐकू येतो. मी मुठी शिवणीला लावून उभा, आणि माझ्यासमोरून दोघा जणांनी सरपंचाला उचलून रिकाम्या जागेवर बसवला. काचेतून त्याचं केसाळ तोंड दिसत होतं. आकाराम स्ट्रेचरवरून त्याला हात करत होता.

हवा बिघडली ती बरेच दिवस उघडली नाही. आकारामला खाली नेला तेव्हा पाय काळे पडले होते. दोन्ही कापले, घोट्यापासून. टाचांसकट.

त्या हेलिकॉप्टरच्या उजव्या सीटवर, काळ्या चष्म्यात, जो कॅप्टन बसला होता तो हाच. कुरियन. फौजेत त्या उंचीवर उडणारे इतके थोडे, की खाली पोचल्यावर त्याचं नाव काढायला मला एक चहा पुरला.

आता कळलं, मी हेलिकॉप्टरसाठी नाव का दिलं? आवड म्हणे! मला ती सीट हवी होती. ज्या सीटवरचा माणूस 'नाही' म्हणू शकतो आणि म्हणाला नाही, ती सीट.

तर कुरियन ओरडला, "हवालदार, सावधान!"

माझा डावा पाय पायडलवरून उचलला गेला. बोटभर. आणि तिथंच अडकला. नऊ वर्षं उस्ताद म्हणून आणि त्यानंतर अधिकारी म्हणून गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि मी ओरडलो:

"नाही होणार!"

"काय बोललास?"

"नाही होणार सावधान! एकदा झालो, पुरे झालं! कुत्र्याला जागा होती तुझ्या मागं! कुत्र्याला! माझा माणूस स्ट्रेचरवर पडला होता, निळे पाय घेऊन, तुझ्यापासून दहा पावलांवर, आणि तू काळा चष्मा लावून बसला होतास! तुला एक शब्द बोलता आला नाही? 'वजन जास्त होतंय' एवढं खोटं बोलता आलं नाही? पायलटच्या शब्दाला ब्रिगेडियरचा बाप नाही म्हणू शकत नाही, आणि तू बसलास! मला सावधान केला, आणि तू बसलास!"

"बोल," कुरियन म्हणाला.

"काय बोल! मला हवालदार म्हणतोस? लंगर काढतोस माझा? त्या लंगरची डाळ खाऊन आकाराम लाड गस्तीला गेला होता! त्याला आता टाच नाही सावधान करायला! दोन्ही नाहीत! आणि तू मला शिकवतोस पाय सैल सोड!"

"बोल. थांबू नको."

मी थांबलोच नाही. कुंडलपासून केरळपर्यंत जेवढ्या शिव्या मला येत होत्या तेवढ्या दिल्या, आणि संपल्यावर त्याच्याच पलटणीतल्या त्याला परत दिल्या. माझ्या आईचा, त्याच्या आईचा, ब्रिगेडियरच्या आईचा, कुणाचा म्हणून मुलाहिजा ठेवला नाही. किती वेळ बोललो देव जाणे. दम लागला तेव्हा गप्प झालो.

मग माझ्या लक्षात आलं, की कुरियनचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर आहेत. आणि समोर पाण्याची टाकी आहे. मघाशी होती तिथंच. भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखी. धनगर काठीवर हनुवटी टेकून बघत होता आणि त्याची शेळी आमच्या सावलीत बसून रवंथ करत होती. आता ती शेळी खरंच सावलीत बसली होती का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. मी म्हणतो, त्या शेळीला विचारा.

"खाली घे," कुरियन म्हणाला.

मी खाली घेतलं. फुलासारखं टेकलं. पंखा फिरत होता. तो समोर बघत बोलायला लागला.

"तुला पहिल्याच दिवशी ओळखलं मी. तू रांगेत उभा होतास आणि टाच वाजवलीस. त्या दिवशी काचेतून बघत होतो. साहेब ओरडला आणि तू लाकूड झालास. तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? मीपण तेच केलं. बसल्या बसल्या. साहेबानं विचारलं, 'कुत्र्याला घेऊन वजन ठीक आहे ना?' मी म्हणालो, 'येस सर.'"

आता तो माझ्याकडं वळला.

"येस सर म्हणणारे पायलट फौजेत पुष्कळ आहेत, कणसे. मी आहे एक. दुसरा तयार करायला मला पगार नको. सकाळपासून वाट बघत होतो, कधी शिवी देतोस. सकाळपासून काय, पहिल्या दिवसापासून."

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो? येस सर. ते मलाही ठाऊक होतं, म्हणून आणखी राग आला.

त्यानं पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय खाली टाकला. "जा. एकटा उडव. आणि माझं वजन कमी झालं, की यंत्र उजवीकडं कललेलं वाटेल. घाबरू नको."

"साहेब," मी म्हणालो, "मी माफ केलेलं नाही तुम्हाला."

"मागितली कुणी?" म्हणाला, आणि पंख्याखालून वाकून निघून गेला.

मी एकटा उडालो. उतरल्यावर पहिल्या एकट्या उड्डाणाचं थंड पाणी शिक्षकानं अंगावर ओतायचं असतं. कुरियननं बादली आणली, ओतली, आणि बादली तिथंच टाकून गेला. हात मिळवला नाही. मीही पुढं केला नाही.

आता गोष्ट इथं संपायला हवी. तुम्हीही उठायच्या तयारीत आहात. पण माझा राग अजून संपलेला नव्हता, आणि नशीब माझ्याहून खोडकर.

शिक्षण संपल्यावर पायलटच्या छातीवर पंखांचा बिल्ला लावतात. समारंभ असतो, बँड असतो, लांबून कुणीतरी मोठा जनरल येतो. त्या वर्षी जो आला तो गाडीतून उतरला आणि मी त्याला ओळखला. केस पांढरे, पोट सुटलेलं, खांद्यावरची नक्षी वाढलेली, पण हनुवटी तीच. साहेबांची बढती होत होत ते जनरल झाले होते.

आम्ही रांगेत उभे राहिलो. 'सावधान'ची आरोळी झाली. सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. एक सोडून. माझ्या टाचा जुळल्या, पण मांजराच्या पावलांनी. आवाज नाही. मागं उभ्या असलेल्या कुरियनच्या भुवया वर गेलेल्या मला न बघताही कळल्या.

जनरल माझ्यासमोर आले. सहायकानं कानात सांगितलं असावं. चेहरा उजळला.

"तू जवानांमधून वर आलास! शाबास! अभिमान वाटतो! शिकताना काय जड गेलं?"

"टाचा, सर."

"काय?"

"काही नाही, सर. आपलं कुत्रं कसं आहे?"

बिल्ल्याची पिन हातात तशीच राहिली. "कुत्रं? ब्रूनो? तुला ब्रूनो कसा माहीत?"

"सर, आमच्या पोस्टवर असताना त्याचं नाव सरपंच होतं."

मी वाट बघितली. आता आठवेल. आता चेहरा पडेल. आता निदान एकदा पापणी लवेल. आणि खरंच, साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेला रे तो," जनरल म्हणाले. "गेल्या वर्षी. फार गुणी होता. माझ्या मुलीनं दोन दिवस जेवण घेतलं नाही. इतका मायाळू प्राणी मी बघितला नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला तो आठवतोय हे ऐकून फार बरं वाटलं."

"सर, त्याच्या जागेवर लान्स नायक आकाराम लाड—"

"हो, हो. गुड. गुड." पिन टोचली, शर्टातून थोडी कातडीतही, आणि साहेब सेठीकडं सरकले.

तसाच उभा राहिलो. छातीतून रक्ताचा एक थेंब खाली उतरत होता आणि बँड वाजत होता. एखादा माणूस विसरला तर राग धरता येतो. पण ज्याच्या लक्षात राहावं असं काही घडलंच नव्हतं, त्याच्यावर काय धरणार? मी धरलाच. पुढं मी वर्षानुवर्षं त्या उंचीवर उडालो. कुठल्याही पोस्टवर उतरलो की पंखा फिरता ठेवून आधी एकच विचारायचो, आजारी कोण आहे? मग साहेब. एका साहेबाचा टीव्ही मी बर्फात उतरवून ठेवला, एकाची देवीची चांदीची मूर्ती, आणि एकदा तर खुद्द साहेबांनाच. म्हणून मी मेजर म्हणूनच घरी आलो. असो.

बिल्ला मिळाल्यावर सुट्टी मिळाली. पहिला गेलो कुंडलला.

आकाराम अंगणात बाजेवर बसला होता. लाकडी पाय काढून शेजारी ठेवलेले, कोंबड्या त्यांच्यावर चढून बसलेल्या. मला बघून त्याचं ते जुनं हसू हसला.

"आलास, हिंदुराव! बघू, बघू पंख." बिल्ल्यावर अंगठा फिरवला. "च्यायला, पितळ आहे व्हय? मला वाटलं सोन्याचा असंल. उडिवलंस?"

"उडवलं."

"आणि म्हणं तुला पंख जनरलनं लावला. कोण होता?"

मी सांगितलं कोण होता. सगळं सांगितलं. कुरियन, टाकी, शिव्या, ब्रूनो, डोळ्यांतलं पाणी. मला वाटलं, हा पोट धरून हसेल. सरपंचाची गोष्ट निघाली की तो हसायचाच. मीही तशीच रंगवून सांगत होतो, जनरलचा आवाज काढून. "'फार गुणी होता!' म्हणतो, आकाराम! कुत्रं गुणी होतं म्हणे!"

आकाराम हसला नाही. कोंबडीला हुसकावून त्यानं एक लाकडी पाय मांडीवर घेतला आणि धूळ पुसत बसला.

"होताच गुणी," म्हणाला. "कुत्र्याला कशाला बोलतोस? बोटं निळी पडल्यापासून तो रोज रातच्याला माझ्या पायांवर येऊन झोपायचा. सांगायला लागत नव्हतं. एवढं मोठं धूड, पण असा अलगद पडायचा. तो होता तोवर पायाला ऊब होती रे."

धूळ पुसून झाली तरी तो पुसतच राहिला.

"मला न्हेयाचं नव्हतं, तर नसतं न्हेलं," आकाराम म्हणाला. "त्याला तरी ठेवायचं होतं."